बुडालेला ट्रॉलर, अरबैल घाट आणि आखडलेला खांदा

बेळगाव, खानापूर, हल्याळ या पट्ट्यात स्कूबा शिकलेली बरीच मंडळी आता आहेत. शनिवार-रविवार साधून ती मालवण, गोवा किंवा मुरुडेश्वरला उतरतात, डायव्ह करतात आणि सोमवारी कामावर हजर असतात. हे प्रकरण अशाच एका रविवारचे आहे: खोल डायव्हनंतर घाट चढल्याने वाढलेल्या डीकम्प्रेशनच्या आजाराचे, म्हणजे दाब उतरल्यावर शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचे. यातली माणसे चर्चेसाठी रचलेली आहेत. खोली, हवा आणि वेळ यांची गणिते मात्र खरी आहेत, कागद-पेन घेऊन कुणीही ती तपासावीत.

जागा आणि माणसे

मुरुडेश्वरपासून बोटीने दीड-पावणेदोन तासांवर, वाळूच्या तळावर सोळा-सतरा मीटर लांबीचा एक लाकडी ट्रॉलर उजव्या कुशीवर पडलेला आहे. वाळू ३२ मीटरवर, केबिनचा वरचा भाग २८ मीटरवर. विंच अजून जागेवर आहे. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत म्हणावे तर अर्धाच सांगाडा शाबूत, मागचा भाग उघडा पडलेला. त्या मागच्या भागावर नंतर कुणाचे तरी गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकवणारे जाळे) अडकून तुटले आणि तिथेच राहिले. असे अवशेष माशांना लगेच आवडतात. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) खाली गोबरा बसतो, केबिनभोवती तांबोशीचा थवा फिरतो. जिथे मासे तिथे जाळी आणि जिथे जाळी तिथे डायव्हर, म्हणून बुडालेल्या मच्छीमार बोटीवरचा खरा धोका गंजका पत्रा किंवा मोडकी फळी हा नसून हे जाळेच असते. मोनोफिलामेंटचा, म्हणजे एकपदरी, नायलॉन धागा पाण्यात जवळजवळ दिसत नाही. पाण्यात सहा-आठ मीटरपर्यंत नजर पोचत असली तरी दिसत नाही.

डायव्हर चौघे, दोन जोड्या. आपला संबंध एकाच जोडीशी. वय अडतीसचा एक इंजिनीअर, त्याला 'क' म्हणू, आणि त्याचा जोडीदार 'ख'. दोघांनाही ३० मीटरच्या खालचा अनुभव होता, मात्र अवशेषांवरचे वेगळे प्रशिक्षण नव्हते. दोघांकडे ११.१ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर, आत साधी हवा.

दोन डायव्ह

पहिली डायव्ह सकाळी ८:२० ला. कमाल खोली ३२ मीटर, उतरायला लागल्यापासून तळ सोडेपर्यंत १३ मिनिटे. मनोरंजनासाठीच्या प्रचलित टेबलात ३२ साठी ३५ मीटरची ओळ धरावी लागते आणि तिथली, सक्तीचा थांबा न घेता वर येता येण्याची, मर्यादा १४ मिनिटे. म्हणजे मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना खबरदारीचा थांबा, तीन मिनिटे, ८:४० ला बोटीवर. इथवर तक्रार नाही.

बोटीवर ५२ मिनिटे काढली, तीही उन्हात. सकाळपासून पोटात दोन चहा आणि अर्धी बाटली पाणी. खोल डायव्हनंतर तासाभराच्या आत पुन्हा जवळपास तेवढ्याच खोलीवर जाण्याची गरज नव्हती. दुसरी डायव्ह उथळ खडकावर करायची असे आदल्या रात्री ठरलेही होते. पण पहिल्या डायव्हला गोबरा दिसला होता आणि कॅमेरा बोटीतच राहिला होता.

दुसरी डायव्ह ९:३२ ला, २९ मीटरवर. खोली आणि वेळ मोजणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरने थांबा न लागता नऊ मिनिटे दिली. आठव्या मिनिटाला क पंख्याखाली वाकला, फोटो काढला आणि मागे सरकला. डोक्यामागचा सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेला रेग्युलेटरचा (सिलिंडरची हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या यंत्राचा) पहिला टप्पा जाळ्यात गेला. अडकल्याचे कळताच त्याने जे केले ते बहुतेक जण करतात: काय आहे ते पाहायला वळला. वळल्यावर जाळे सैल होत नाही, ते सिलिंडरभोवती गुंडाळले जाते. पाठोपाठ पायातल्या फिनचा पट्टा आणि मोकळा लोंबणारा ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर, अडकला. सुरी होती, पण पोटरीला आतून बांधलेली, आणि नेमका तोच पाय अडकलेला.

ख चार मीटर अंतरावर होता. त्याच्याकडे कात्री होती. कात्रीने नायलॉन सरसर कापला गेला, पण जाळ्याच्या वरच्या कडेचा जाड दोर तिला दाद देईना. त्याला दातेरी पाते लागते. शेवटी 'क'च्या पोटरीवरची सुरी काढून दोर कापला. यात आठ मिनिटे गेली.

हवेचा हिशेब

कने सिलिंडरमध्ये १९० बार दाब असताना सुरुवात केली होती. शांत श्वासाला मिनिटाला २० लिटर धरले तर २९ मीटरवर, म्हणजे ३.९ बार दाबाला (वरच्या हवेचा एक, शिवाय दर दहा मीटर पाण्याचा एक), ७८ लिटर जातात. पहिल्या आठ मिनिटांत ६२४ लिटर. अडकल्यावर श्वास ३५ लिटरवर जातो, म्हणजे मिनिटाला १३६. पुढच्या आठ मिनिटांत सुमारे १,०९०. एकूण साधारण १,७१५ लिटर, ११.१ ने भागले की १५५ बार. तळ सोडताना त्याच्याकडे ३५ बार उरले. कॉम्प्युटर तोवर ३ मीटरवर सहा मिनिटांचा सक्तीचा थांबा मागत होता.

२९ वरून ५ मीटरला तो दोन मिनिटांच्या आत पोचला, म्हणजे मिनिटाला बारा मीटरहून जास्त वेगाने. नऊ मीटर हा वेग पाळायला हवा होता. ५ मीटरवर काटा २० बारवर होता. दोन मिनिटे थांबल्यावर तो दहाकडे गेला आणि क वर आला. घाबरून खही त्याच्यासोबत आला. खकडे ६० बार होते, त्याची थांबण्याची मिनिटेही बाकी होती. त्याने ऑक्टोपस पुढे करून दोघांना निदान आणखी थोडा वेळ खाली धरायला हवे होते. ९:५३ ला दोघे पाण्याबाहेर, दोघांचे कॉम्प्युटर चूक नोंदवून पुढच्या डायव्हसाठी बंद.

आता खरा प्रश्न असा की, "५० बार उरले की वर यायचे" हा सगळीकडे ऐकू येणारा नियम इथे पुरला असता का? नाही. तो एकट्याचा, उथळ पाण्याचा नियम आहे. ३२ मीटरवर जोडीदाराची हवा संपली तर दोघांना एका सिलिंडरवर वर यायचे असते. घाबरलेल्या माणसाचा श्वास ३० लिटर धरला तर दोघांचे ६० लिटर. तळाशी गुंता सोडवायला दोन मिनिटे ४.२ बारला: ५०४ लिटर. ५ मीटरपर्यंत चढायला तीन मिनिटे, सरासरी २.८५ बारला: ५१३. तीन मिनिटे थांबा १.५ बारला: २७०. शेवटचे मिनिट: ७५. बेरीज १,३६२ लिटर, म्हणजे या सिलिंडरमध्ये १२३ बार.

हा आकडा पहिल्यांदा पाहणारे दचकतात. २०० बारने उतरलात तर वापरायला उरतात जेमतेम ८० बार, आणि ३२ मीटरवर ते साडेदहा मिनिटांत संपतात. यातून निष्कर्ष एकच निघतो: ११ लिटरच्या एका सिलिंडरवर ही डायव्ह करता येते, पण ती दहा मिनिटांची डायव्ह आहे. जास्त वेळ हवा असेल तर १५ लिटरचे सिलिंडर किंवा वेगळे राखीव सिलिंडर घ्यावे. नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन असलेले मिश्रण) घेतल्याने हवेची ही मर्यादा एका मिनिटानेही वाढत नाही. त्याने नायट्रोजन कमी शोषला जातो, ३२ मीटर हवेवरच्या २६ मीटरसारखे मोजता येतात, इतकेच. वर त्याची स्वतःची खोलीची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास येते, म्हणजे या वाळूच्या फक्त एक मीटर खाली.

दुसरी गोष्ट फारच स्वस्त होती आणि तरीही बोटीवर कुणी केली नाही. शॉट लाईनवर, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या वजनाच्या दोरावर, ५ मीटरला दोन रेग्युलेटर लावलेले एक भरलेले सिलिंडर टांगून ठेवायचे. दोघांनी ५ मीटरवर सहा मिनिटे थांबायला ५४० लिटर लागतात, म्हणजे त्या सिलिंडरचा पाव भाग. ते सिलिंडर असते तर हे प्रकरण इथेच संपले असते.

जाळ्यात अडकल्यावर

अवशेषांवर जाणाऱ्याकडे कापायची दोन साधने हवीत, दोन्ही छातीच्या किंवा कमरेच्या पट्ट्यावर, कुठल्याही एका हाताने पोचतील अशी. एक आकड्यासारखा लाईन कटर नायलॉनसाठी, दुसरे दातेरी पाते दोरासाठी. फिनच्या पट्ट्यांची मोकळी टोके आत वळवून टेप लावावी, गेज आणि ऑक्टोपस छातीला क्लिप करावेत. अडकल्याचे जाणवले की थांबायचे. वळायचे नाही. ज्या दिशेने आलो त्याच दिशेने वीतभर परत जायचे, म्हणजे ताण सुटतो. मग टॉर्च हलवून जोडीदाराला बोलवायचे आणि हात स्थिर ठेवायचे. कापणारा अंगाजवळून सुरुवात करतो आणि कापलेले तुकडे अंगापासून दूर ढकलतो, नाहीतर तेच पुन्हा अडकतात. काहीच जमेना तर बीसीडी (सिलिंडर बांधलेले, हवा भरून तरंगण्याचे जाकीट) उतरवून समोर घेऊन कापता येते, पण वजने बीसीडीतच असतील तर सूट घातलेला माणूस बुचासारखा वर जायला लागतो. म्हणून एक हात पट्ट्यातून कधीच काढायचा नाही. याचा सराव तरणतलावात, डोळे झाकून करता येतो. बेळगावात राहून करण्याजोगी अवशेष-डायव्हिंगची एवढी एक तयारी तरी कुणी चुकवू नये.

घाट

११:४५ ला बोट किनाऱ्याला लागली. थांबा चुकला होता हे चौघांनाही माहीत होते. अशा वेळी लक्षणे नसली तरी ऑक्सिजन द्यायचा, भरपूर पाणी पाजायचे, चोवीस तास पाण्यात जाऊ द्यायचे नाही आणि माणसाला नजरेसमोर, समुद्रसपाटीलाच ठेवायचे. बोटीवर ऑक्सिजन नव्हता. सव्वाबाराच्या जेवणाला कने डावा खांदा चोळला.

"आखडलाय. सिलिंडर उचलताना लागलं असंल."

"बाम लाव की. रात्री घरात जाऊन झोप काढलास की झालं."

१२:४० ला गाडी निघाली. अंकोल्यापर्यंत रस्ता किनाऱ्याने, सपाट. तिथून यल्लापूरच्या रस्त्याला लागले की अरबैल घाट. पावणेचारला यल्लापूर, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. खांदा आता आतून ठणकत होता, हात कसाही ठेवला तरी तसाच. हल्याळजवळ चहाला थांबले तेव्हा 'क'च्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या होत्या आणि ग्लास धरताना पकड सुटत होती.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब सरासरी ९२६ हेक्टोपास्कल, समुद्रावर १,०१३. फरक ८७, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या एक मीटरपेक्षाही कमी. "एवढ्याने काय होतंय?" हा प्रश्न त्यामुळे चुकीचा नाही. टेबलातल्या मर्यादेच्या बऱ्याच आत राहून एकच डायव्ह केलेल्या माणसाला एवढ्याने बहुधा काही होतही नाही, आणि म्हणूनच घाट चढून जायची सवय लागते. पण कने ३ मीटरचा, म्हणजे ०.३ बारचा थांबा अर्धवट सोडला होता. तो सोडल्यावर शरीराच्या सावकाश भरणाऱ्या आणि सावकाश रिकाम्या होणाऱ्या भागांत नायट्रोजन साठलेला, काही ठिकाणी बुडबुडे झालेले. यल्लापूरला पोचेपर्यंत दाब आणखी सुमारे ०.०६ बारने उतरला. दाब उतरला की आहे तो बुडबुडा फुगतो आणि आजूबाजूचा वायूही त्याच्यात जास्त वेगाने शिरतो. घाट म्हणजे वर येण्याचा शेवटचा टप्पा, जो क कुठेही न थांबता चढला.

खांदा घाटामुळे दुखायला लागला असे मात्र म्हणता येणार नाही. दुखणे जेवणाच्या वेळीच सुरू होते. घाटाने ते वाढवले, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाला ऑक्सिजन, डायव्हिंग जाणणारी माणसे आणि किनारा या तिन्हींपासून तीन तास दूर नेले. आपल्याकडच्या घाटात मोबाईलची रेंजही धड नसते.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००२ च्या कार्यशाळेत ठरलेल्या, उड्डाणाआधी थांबायच्या मार्गदर्शक वेळा अशा: थांबा न लागणाऱ्या एका डायव्हनंतर १२ तास, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर १८ तास, सक्तीचा थांबा लागलेल्या डायव्हनंतर १८ पेक्षा बरेच जास्त. या वेळा विमानासाठी आहेत, पण केबिनमधली उंची २,००० ते ८,००० फूट धरून. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, म्हणजे या पट्ट्याच्या आत. सर्वसाधारणपणे ३०० मीटरपर्यंतची उंची समुद्रसपाटीसारखी मानतात. चोर्ला, आंबोली, अनमोड, अरबैल, कुठलाही घाट घ्या, ती रेषा ओलांडल्याशिवाय बेळगाव येत नाही. अमेरिकन नौदलाच्या पुस्तकात डायव्हनंतर किती वेळाने किती उंची चढता येईल याचे वेगळे टेबलच आहे, डायव्हच्या गटाचे (शरीरात उरलेल्या नायट्रोजनच्या पातळीचे) अक्षर आणि उंची यांवरून वेळ काढता येते. क आणि ख घाटाच्या पायथ्याशी सहा तासही न होता पोचले होते.

'क'च्या कॉम्प्युटरवर विमानावर काट मारलेले चिन्ह दिसत होते. तो कॉम्प्युटर डिकीतल्या ओल्या बॅगेत होता. विमानाने कुणी जाणारच नव्हते, म्हणून पाहिलाही नाही. बेळगावकराने ते चिन्ह घाटाचे आहे असेच समजावे.

हल्याळनंतर

इथून पुढे मंडळी बरीच शहाण्यासारखी वागली. खने प्रशिक्षकाला फोन लावला. त्याने चार गोष्टी विचारल्या: खोली किती, थांबा किती चुकला, पहिले लक्षण किती वाजता, आता काय होतंय. मग पाच मिनिटांची तपासणी फोनवरच करून घेतली. तारीख-वार सांगता येतो का, डोळे बोटामागे फिरतात का, हसताना तोंड वाकडे होते का, दोन्ही हातांची पकड सारखी आहे का, टाच-अंगठा जुळवत सरळ रेषेत चालता येते का, लघवी झाली का. डावी पकड कमजोर, बाकी ठीक. खांदेदुखी एकटी असती तर सौम्य प्रकार म्हटला असता. मुंग्या आणि पकड यांमुळे प्रकरण मज्जासंस्थेचे झाले.

वाटेतल्या एका दवाखान्यात ऑक्सिजन मिळाला, तो नाकातल्या नळीने, मिनिटाला चार लिटर. त्यातून फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन फार तर ३६ टक्के. डीकम्प्रेशनच्या आजारात पिशवीचा, उच्छ्वास परत न घेऊ देणारा मास्क घट्ट बसवून मिनिटाला १५ लिटर लागतो. हे सांगावे लागते, कारण डॉक्टरपुढे आलेला माणूस धडधाकट दिसतो आणि बोटावरच्या मीटरवर ९८ टक्के दाखवतो. ऑक्सिजन त्याच्या रक्ताला कमी पडलेला नसतो, नायट्रोजन बाहेर हाकलण्यासाठी द्यायचा असतो. बी टाईपच्या छोट्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतात, १५ च्या वेगाने शंभर मिनिटे. रुग्णवाहिकेत मोठे डी टाईप, सात हजार लिटरचे असेल तर साडेसात तासांहून जास्त पुरते. निघण्याआधी हा भागाकार करायचाच.

पुढे बेळगाव की मागे समुद्र? घर तासा-दोन तासांवर, ओळखीचे डॉक्टर, नातेवाईक, सगळे पुढे. पण पुढे जायचे म्हणजे आणखी दोनशे मीटर चढायचे. प्रशिक्षकाने आधी चेंबरला, म्हणजे बंद कक्षात दाब वाढवून ऑक्सिजन देणाऱ्या केंद्राला, फोन करायला लावला. जखमा भरण्यासाठी वापरली जाणारी एका माणसाची चेंबर शहरांत असतात, पण ती डायव्हिंगचा रुग्ण घेतीलच असे नाही आणि पुरेसा दाब देतीलच असेही नाही. ते आधी विचारावे लागते. किनाऱ्यावरच्या एका चेंबरने होकार दिला, तेव्हा गाडी ज्या वाटेने चढली त्याच वाटेने अंकोल्याकडे उतरली. खाली उतरल्याने आजार बरा होत नाही. निर्णय चेंबरवरून करायचा असतो, उंची हा दुसरा विचार. इथे दोन्ही एकाच दिशेला होते. क आडवा, मास्क लावलेला, शुद्धीत होता म्हणून घोटघोट पाणी.

उपचार अमेरिकन नौदलाच्या 'टेबल सहा' प्रमाणे झाले: १८ मीटर खोलीइतक्या दाबावर ऑक्सिजन, मध्ये हवेच्या छोट्या सुट्ट्या, मग ९ मीटर, एकूण पावणेपाच तास. मुंग्या पहिल्या तासातच गेल्या. खांदा दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. 'ख'ला काहीच झाले नाही. तीच बोट, जवळजवळ तीच खोली, तोही तेवढाच थांबा चुकवून आला होता. यावरून त्याने योग्य केले असे ठरत नाही. हा आजार शक्यतांचा आहे.

वेळापत्रक

बेळगावहून जाणाऱ्यासाठी डायव्ह बोटीवर चढल्यावर संपत नाही, घरी पोचल्यावर संपते. त्यामुळे वेळापत्रक घाटाकडून उलटे लावायचे. शुक्रवारी रात्री उतरा. खोल डायव्ह शनिवारी पहिली, दुसरी तिच्यापेक्षा उथळ, मध्ये निदान दीड-दोन तास, आणि शेवटच्या डायव्हहून शनिवारी अकरापर्यंत बाहेर. १८ तास रविवारी पहाटे पाचला भरतात, २४ तास अकराला. जेवून निघालात तरी रात्री आठ-नऊला बेळगाव. रविवारची सकाळ देवदर्शनाला, बाजाराला, झोपेला. या बदलात रविवारची एक-दोन डायव्ह जाते, कामाचा दिवस जात नाही. "एक उथळ मारून निघू की" असे रविवारी सकाळी कुणीतरी म्हणतेच. त्या एका डायव्हने घड्याळ पुन्हा शून्यावर येते.

यंत्राने चालणाऱ्या बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि तेव्हा समुद्रही डायव्हिंगचा नसतो. बाकीच्या महिन्यांत अवशेषांवरची जाळी बदलत राहतात. मागच्या मोसमात मोकळी असलेली बाजू यंदा मोकळी असेलच असे नाही, म्हणून पहिली जोडी फक्त पाहणीला उतरवावी आणि कुठे काय लटकते आहे ते पाटीवर लिहून आणावे.

'क'ला सोडताना डॉक्टरांनी डायव्हिंग बंद ठेवायला सांगितले आणि विमानप्रवास ७२ तास नको म्हणून लिहून दिले. घर साडेसातशे मीटरवर आहे हे त्यांना खने आठवणीने सांगितले. त्यामुळे कागदावर 'विमान'च्या पुढे 'घाट'ही आला आणि क तीन दिवस कारवारला मावशीकडे राहिला.